हृदयासाठी अँटिऑक्सिडंट घेताय? आधी या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात माझ्या फार्मसीच्या काउंटरवर बाटल्या येऊ लागतात. विकायला नव्हे, वाचून घ्यायला. कुणाचा पूत तारवावर म्हणजे जहाजावर, कुणाचा जावई दुबईत. येताना चॉकलेटांबरोबर ‘हार्ट हेल्थ’ लिहिलेली एखादी बाटली आणायची, ही आता रीतच झाली आहे.

गेल्या वर्षी एक आजोबा तीन बाटल्या घेऊन आले. व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन सी आणि बीटा-कॅरोटिन (गाजर-पपईतलं नारंगी रंगाचं द्रव्य). तिन्ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीरातली ऑक्सिडेशनची, गंज चढण्यासारखी, क्रिया रोखणारी द्रव्यं. अँजिओप्लास्टी झालेली, आणि शर्टाच्या खिशात विड्यांचं बंडल. “काळजाक बरें म्हणून पूत सांगता,” म्हणाले. मी पहिल्यांदा बीटा-कॅरोटिनची बाटली उचलून बाजूला ठेवली.

विडी-सिगारेट ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटिनची गोळी घेणं

ही सगळ्यात घातक चूक, म्हणून सगळ्यात आधी. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने त्यातल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा त्याच गटात कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या कामगारांवर अशीच दुसरी चाचणी चालू होती. तिथे बीटा-कॅरोटिनबरोबर व्हिटॅमिन ए दिलं जात होतं. ती १९९६ मध्ये ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत कॅन्सरही जास्त होता आणि मृत्यूही.

मग पपई, गाजर, लाल भोपळा सोडायचा का? मुळीच नाही. ताटातलं कॅरोटिन थोडं थोडं येतं आणि सोबत शेकडो इतर द्रव्यं घेऊन येतं. गोळीत एकच द्रव्य, तेही एका दमात. धोका दिसला तो गोळीत.

‘भाजीतलं सत्त्वच तर आहे गोळीत’ असं समजणं

हा समज इतका पक्का बसलाय की तो काढायला वेळ लागतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ होतं आणि तिथे थर साचायला मदत करतं, हे खरं. काचनळीत व्हिटॅमिन ई ती क्रिया रोखतं, हेही खरं. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हेही दिसलेलं. या तिन्ही गोष्टी जोडून लोकांनी ठरवलं की गोळी दिली की काम झालं. पण भाज्या खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त, ओढतोही कमी, आणि भाजीतून त्याला पोटॅशियम आणि तंतूही मिळतात. गोळीत यातलं काहीच नाही.

हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या ९,५४१ लोकांवर झालेल्या चाचणीत रोज ४०० युनिट नैसर्गिक व्हिटॅमिन ई साडेचार वर्षं देऊनही काही फरक पडला नाही. या चाचणीचे निकाल २००० मध्ये आले. पुढे २००५ मध्ये त्याच लोकांचा पाठपुरावा पाहिला तर ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) थोडं जास्त आढळलं. ४०० युनिट म्हणजे साधारण २६८ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे १५ मिलिग्रॅमच्या आसपास. मूठभर बदाम खाल्ले तरी या गरजेतलं जवळपास निम्मं येतं. १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर ई आणि सी या दोन्हींची चाचणी झाली, तिचा निकाल २००८ चा: हृदयाला फायदा शून्य. हृदयविकार टाळण्यासाठी बीटा-कॅरोटिन किंवा व्हिटॅमिन ई घेऊ नका, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

(व्हिटॅमिन ईची ती ओळखीची हिरवी कॅप्सूल टोचून चेहऱ्याला लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तो मी माझ्या बायकोवर सोपवला आहे.)

चालू औषधांचा विसर पडणं

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसने रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, विनाकारण काळेनिळे डाग पडणं ही लक्षणं दिसली तर वाट न बघता डॉक्टरांना गाठा. व्हिटॅमिन सी ग्रॅम-ग्रॅमने घेतलं तर मुतखड्याचा धोका वाढतो, विशेषतः पुरुषांत. आपल्या देशात अशा पूरक गोळ्यांच्या (सप्लिमेंटच्या) डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ते अगदी बारीक अक्षरांत असतं, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवतो.

उलट बाजूचीही एक चूक बघतो. हे सगळं ऐकून माणूस उत्साहात डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलवरची स्टॅटिन, बी-१२ किंवा लोहाची गोळीही बंद करतो. तसं करू नका. त्या गोळ्यांना कारण आहे.

‘कोकमाची गोळी’

वजन कमी करायला ‘गार्सिनिया’ नावाच्या कॅप्सूल विकल्या जातात; कोकमाच्या कुळाचं शास्त्रीय नाव तेच. त्या बहुतेक दुसऱ्याच जातीच्या झाडाच्या असतात, आपल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, नव्हेत, आणि त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलां (सुकवलेली कोकमं) घालून केलेली कढी वेगळी. मात्र मिठात मुरवलेलं आगळ (कोकमाचा रस) वापरत असाल तर रक्तदाबवाल्यांनी वरून मीठ घालू नये. आणि कोकम सरबतात साखर किती, ते करणाऱ्यालाच विचारा.

स्वयंपाकघरातच गमावणं

तांबडी भाजी चिरून मग धुतात, आणि कधीकधी उकडून ते लाल पाणी मोरीत ओततात! तो लाल रंग पाण्यात विरघळणारा, तोच अँटिऑक्सिडंट. आधी धुवा, मग चिरा, आणि कांदा-मिरची घालून तिच्याच अंगच्या पाण्यात शिजवा. वरून खोबरं घालायची आपली पद्धत शहाणपणाची आहे, कारण कॅरोटिन अंगी लागायला थोडी चरबी लागते. मशिंगाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्यालाही हेच लागू.

टोमॅटोचं उलट. त्यातलं लायकोपिन तेलात शिजवल्यावर जास्त मिळतं. व्हिटॅमिन सी मात्र उष्णतेने जातं, म्हणून पेरू आणि आवळा न शिजवताच खावा. काजूच्या बोंडूत संत्र्याहून कितीतरी जास्त सी असतं. त्याची फेणी केली की ते भट्टीतच राहतं, कारण सी काही वाफेबरोबर वर येत नाही. ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की एका ग्लासात ते प्रसिद्ध रेझव्हेराट्रॉल (द्राक्षाच्या सालीतलं अँटिऑक्सिडंट) जेमतेम एखादा मिलिग्रॅम, बहुधा त्याहूनही कमी असतं.

वॉरफरिनवाल्यांसाठी अजून एक. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची नाही, पण आठवडाभर एकदम ढीगभर आणि मग बंद, असंही करायचं नाही. रोज साधारण सारखीच खा, आणि बदल करायचा असेल तर डॉक्टरांना सांगून रक्ताची तपासणी करून घ्या.

आजोबांनी त्या दिवशी बीटा-कॅरोटिनची बाटली माझ्याकडेच ठेवली, बाकीच्या दोन डॉक्टरांना दाखवतो म्हणून पिशवीत घातल्या. विड्यांचं बंडल मात्र खिशातच होतं. दारात पोचून त्यांनी विचारलं, “आनी ही विडी रे?” मी म्हटलं, ती तर आधी सोडा. ते हसले आणि छत्री उघडून निघाले.