छिद्रांत अडकलेला माल

पीएचडीला झिओलाइटवर, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या घन कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर), काम मिळालं की पहिले सहा महिने आकड्यांनी हुरळून जायचे असतात. मी तर पार हुरळलो होतो.

माझी रिअ‍ॅक्शन म्हणजे सिट्रोनेलॅलचं रिंग-क्लोजिंग. डास पळवायच्या तेलासारखा वास असलेल्या या अल्डिहाइडची साखळी वळून सहा कार्बनांची रिंग होते आणि आयसोपुलेगॉल मिळतं. ते हायड्रोजनेट केलं की मेन्थॉल. गोम अशी की आयसोपुलेगॉलचे चार डायस्टिरिओमर (अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेले रेणू) बनतात आणि मेन्थॉलला त्यातला एकच चालतो. झिंक ब्रोमाइडनं तो छान मिळतो, पण मग धुणं आणि सांडपाणी आलंच. झिर्कोनियम घातलेल्या बीटा झिओलाइटवर तो साधारण 93 टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि कॅटॅलिस्ट गाळून परत वापरता येतो. झिर्कोनियम अल्डिहाइडचा ऑक्सिजन धरतं, आणि सुमारे 0.66 नॅनोमीटरच्या बोळात रेणूला ऐसपैस वळायला जागाच नसते.

माझ्या जीसीनं, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफनं, 97 टक्के दाखवले. गाइडनी ग्राफकडे पाहिलंच नाही. विचारलं, "वजन भरतंय का?"

भरत नव्हतं. मी ग्राफवरच्या शिखरांच्या नुसत्या क्षेत्रफळांची (पीक-एरियांची) टक्केवारी काढली होती. डोडेकेन इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मापात, टाकलं, तेव्हा कळलं की घातलेल्या मालाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गायब आहे. गेला कुठे? गाळणीवरच्या पांढऱ्या पावडरीचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. जड डायमर (दोन रेणू जोडून झालेले) छिद्रांत अडकून बसले होते. जे बाहेर येतच नाही ते जीसीला दिसणार कसं? मूळ दोष बीटामध्ये उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा होता. त्याच्या आम्लामुळे नको त्या रिअ‍ॅक्शन होत होत्या.

तुलनाही समान कन्व्हर्जनवरच (घातलेल्या मालापैकी किती बदलला, त्यावर) करा. 30 टक्क्यांवरची सिलेक्टिव्हिटी (बदललेल्या मालातला हव्या त्या रेणूचा वाटा) 95 टक्क्यांवरच्या शेजारी मांडली की व्हायव्हात धुलाई ठरलेली.

कॅल्सिनेशनला, म्हणजे पावडर भट्टीत तापवायला, घाई नको. टेम्प्लेट (झिओलाइट बनवताना छिद्रांना आकार देणारा सेंद्रिय रेणू) जाळायला 550 अंश, मिनिटाला एक अंशानं. शुक्रवारी घरी जायच्या नादात मी दहाच्या वेगानं चढवलं, तर पावडर राखाडी निघाली आणि बीईटी या पृष्ठफळ मोजायच्या चाचणीत आकडा घसरलेला. वापरण्याआधी परत तापवा, कारण बाटलीत ठेवलेला झिओलाइटही हवेतलं पाणी पीत असतो, पावसाळ्यात तर विचारूच नका.

आणि टीजीएचा (तापवत वजनातली घट मोजणारं यंत्र, छिद्रांत किती माल अडकलाय ते यानं कळतं) स्लॉट रिअ‍ॅक्शन लावायच्या आधी बुक करा. आमच्याकडे दोन आठवड्यांची रांग असायची.