या चुका टाळा: पसारा करा, पण मोरी तुंबवू नका

लहान मुलांना हात बरबटून खेळू द्यावं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पटवावं लागतं ते एवढंच, की परात पोरांपुढे ठेवण्याआधी ती रिकामी कुठे करणार हे ठरवा. आमच्या सोसायटीत सुट्टीच्या दिवशी मी मुलांना घेऊन असले उद्योग करते. दुसऱ्या दिवशी पालकांचे जे फोन येतात, ते बहुतेक या एकाच कारणाने.

सगळ्यांची लाडकी चूक कॉर्नफ्लोअरची. दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, एक वाटी पाणी. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ सैल सोडली की बोटांतून ओघळतं. मुलं जागची हलत नाहीत. (पहिली गफलत दुकानातच होते. पिवळं मक्याचं पीठ चालत नाही, पांढरं कॉर्नफ्लोअरच हवं. पिठाचा नुसता लगदा होतो, आणि मग "ताई, आमचं जमलंच नाही".) खेळ संपला की कुणीतरी ती परात सरळ सिंकमध्ये उपडी करतं. कॉर्नफ्लोअर गार पाण्यात विरघळत नाही. ढवळलेलं असतं तोवर पाण्यात फिरतं, पाणी थांबलं की तळाला बसतं. सिंकखालच्या वाकड्या पाइपात पाणी थांबलेलंच असतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एका वाढदिवसाला मुलांसाठी टबभर कॉर्नफ्लोअर कालवलं होतं. पाहुणे गेल्यावर घरातल्या उत्साही काकांनी टब सिंकमध्ये रिता केला. पाणी उतरेना, तेव्हा कुठेतरी वाचलेला उपाय केला आणि वरून उकळतं पाणी ओतलं. खळ कशी करतात हे ज्यांच्या घरी कधी सुती साड्यांना खळ घालत होते त्यांना विचारा: हीच कृती! पाइपात बसलेलं पीठ जागच्या जागी शिजलं. प्लंबरने पाइप उघडला तेव्हा आतून खरवसासारखा थुलथुलीत पांढरा गोळा बादलीत पडला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, हे शिजवलंत कशाला?" खालच्या मजल्याच्या मोरीतही त्यातलं थोडं पोचलं होतं. तो वाद वेगळा.

माझी पद्धत आळशी आहे, म्हणूनच चालते. परात रात्रभर कोपऱ्यात सोडून द्यायची. सकाळी वर आलेलं पाणी अलगद कुंडीत ओतायचं, खालचा थर वर्तमानपत्रावर काढून उन्हात टाकायचा, वाळून भुगा झाला की कचऱ्यात. फरशीवर सांडलेलंही लगेच ओल्या फडक्याने पुसू नये, नुसतं पसरतं. वाळू द्या, मग झाडू मारा. पावसाळ्यात ते वाळत नाही आणि आंबूस वास सुटतो, म्हणून जून ते सप्टेंबर मी हा खेळ काढतच नाही. कुणी कितीही मागे लागलं तरी.

शाडूच्या मातीलाही हाच नियम. हात आधी बादलीत धुवायचे, माती खाली बसली की ती कुंडीत. आणि बादली तिथल्या तिथे रिकामी करून पालथी घाला. रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं.

दुसरी चूक मोठ्यांच्या हातांची. पोरगं पहिल्यांदा बोट बुडवतं, तेवढ्यात आई ओला रुमाल घेऊन हजर. पुसलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्या वेळी मूल बोट बुडवायच्या आधी आईकडे बघतं, आणि तिथे खेळ संपलेला असतो. याच्याही पलीकडची मंडळी म्हणजे पोराचं मनगट धरून कागदावर मोर उमटवणारी, कारण फोटो ग्रुपवर जायचा असतो. मोर तुम्हाला हवा असेल तर तुम्ही काढा, मी कागद देते.

काही मुलांना चिकट लागलेलं खरंच सहन होत नाही. "काही नाही होत रे" म्हणत त्यांचा हात रंगात दाबू नका. चमचा द्या, ब्रश द्या, नाहीतर रंग झिपच्या पिशवीत भरून, पिशवी चिकटपट्टीने बंद करून वरून दाबू द्या. काही मुलं महिनाभर पिशवीच दाबतात. दाबू देत. घाई आपल्याला असते.

बाकीचं भराभर सांगते.

सगळे रंग एकदम देऊ नका, पाच मिनिटांत चिखलाचा रंग होतो. पिवळा आणि निळा, बस्स.

रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती छोट्यांच्या डोळ्यात, नाकात नको. रव्यात खाण्याचा रंग कालवून वाळवा, तेवढीच मजा येते.

पाण्यात फुगणारे जेलीचे मणी घरात आणूच नका. गिळले तर पोटात फुगून आतड्यात अडकतात. राजमा-चणे तीन वर्षांखालच्यांना नकोत, नाकात हमखास जातात.

प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हाताचा ठसा घेऊ नका. ते घट्ट होताना तापतं, भाजतं. ठसा कणकेत घ्या. मात्र कच्ची कणीक तोंडात जाऊ देऊ नका, मीठ घातलेली तर नाहीच.

बोटांनी रंगवायचा रंग विकत आणण्याची गरज नसते. पाव वाटी कॉर्नफ्लोअर वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवा. पूर्ण गार झाल्यावर बिटाचा रस किंवा हळद घाला. फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा, मग फेकून द्या. जास्त टिकावा म्हणून त्यात भलतंसलतं घालणारे शॉर्टकट मला सांगू नका.

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरून ब्लीच ओतू नका. साबण नीट खळबळून काढा आणि फ्रॉक कडक उन्हात वाळत घाला. दोन-तीन उन्हांत डाग बराच फिका पडतो, पण त्या दिवशी नवा फ्रॉक घालायचाच कशाला?