डेकचा हलणारा कठडा

हात टेकला की डेकचा, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याचा, कठडा डुलायचा. खांब नुसत्या स्क्रूंवर उभे होते. वरच्या टोकाला ढकललं की सगळा जोर खालच्या जोडावर येतो, तिथे स्क्रू हळूहळू उपटतात. म्हणून खांबांतून आरपार गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) बोल्ट घातले, मागे मोठे वॉशर, आणि शेजारच्या तुळयांमध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवले. आता तसूभरही हलत नाही.

आडव्या पट्ट्या दिसायच्या झकास, पण मुलं त्यांवर शिडीसारखी चढतात. त्याऐवजी उभे गज लावले, फट 100 मिमीपेक्षा कमी. रंग घरच्यांनी ठरवला. त्यात माझं कोण ऐकतं!

जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली जमीन जरा खोल होती, तिथेच पाय चुकायचा. फरशी बसवून सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी केली.