मायनर कुठला घेऊ? फॉर्म भरायच्या आधी हे बघा

एनईपी म्हणजे नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून बीए, बीकॉम, बीएस्सी सगळ्यांनाच मेजरसोबत (मुख्य विषयासोबत) मायनर म्हणजे दुसरा जोडविषय घ्यावा लागतो आणि बहुतेक पोरं काय करतात तर मित्र जे टाकतील तेच टाकतात, नाहीतर सीनियरला विचारतात मार्क कुठे सुटतात. महाराष्ट्रात मायनर म्हणजे साधारण १८ ते २० क्रेडिट, थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे तास तुम्ही त्या वर्गात बसणार आहात.

डिग्रीनंतर जे करायचंय त्या परीक्षेचा सिलॅबस किंवा नोकरीच्या चार-पाच जाहिराती उघडा, आणि त्यातलं जे मेजरमध्ये शिकवतच नाहीत त्यावर खुणा करा. मायनर तिथून निघतो. आता इकॉनॉमिक्सच घ्या, पुढे एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर त्या पेपरात मायक्रो-मॅक्रोच्या जोडीला स्टॅटिस्टिक्स आणि मॅथ्सपण आहे, आणि बीएची पोरं सवयीने पॉलिटिकल सायन्स घेऊन बसतात, मग शेवटच्या वर्षी डेरिव्हेटिव्ह बघून घाम फुटतो. मॅथ्स किंवा स्टॅट मिळत असेल तर तेच घ्या, फक्त बारावीच्या गणिताची अट आहे का ते आधी विचारा.

जॉग्रफीवाल्यांना मी कॉम्प्युटर सायन्स सांगेन. जीआयएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायच्या कामात नकाशा तुम्हाला कळतोच, अडतं ते पायथन आणि डेटाबेसपाशी. क्यूजीआयएस हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, घरी टाकून बघा जमतंय का. सायकॉलॉजी मेजरला पण स्टॅट, रिसर्च करायचा असेल तर नक्कीच.

एमपीएससीवाल्यांचं गणित वेगळं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असतात, मग जो वैकल्पिक घ्यायचा विचार आहे तोच मायनर घेतला तर अभ्यास एकदाच होतो.

हे सगळं ठरवून कॉलेजात गेलात की कळतं यादीत सहाच विषय आहेत, त्यातला एक पोरं कमी म्हणून सुरूच होणार नाही. म्हणून दोन नंबरची निवड तयार ठेवा. आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे मायनर नाही हं, तो वेगळा रकाना असतो, हौसेचं काही शिकायचं असेल तर ते तिकडे टाका. फॉर्म देण्याआधी टाइमटेबल मागून घ्या, मेजरचं प्रॅक्टिकल आणि मायनरचं लेक्चर एकाच वेळी आलं तर निस्तरायला ऑफिसात कुणी बसलेलं नसतं.