बदली-पगारवाढीचे इंग्रजकालीन अर्ज वाचताना

इतिहासात एम.ए. किंवा पीएच.डी. करणाऱ्या वडोदऱ्याच्या मुलांच्या हाती एखाद्या गोऱ्या मुलकी अधिकाऱ्याचा बदलीचा अर्ज आला, की आधी डोळ्यांत भरतं ते न मानवणारं हवापाणी, बायकोचं आजारपण, मुलांचं शिक्षण. ही कारणं खोटी असतात असं नाही. पण पगाराचा हिशेब समजल्याशिवाय अर्ज उलगडत नाही.

आधी दफ्तर कुठलं ते ठरवा. 1875 साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि बडोदा संस्थानाशी असलेले राजकीय संबंध मुंबई सरकारकडून थेट हिंदुस्थान सरकारकडे गेले. म्हणून त्याआधीचे कागद मुंबईच्या अभिलेखागारात, राजकीय खात्यात शोधायचे. नंतरचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, फॉरेन डिपार्टमेंटमध्ये (1914 पासून फॉरेन अँड पोलिटिकल). अभिलेख पटलवर (राष्ट्रीय अभिलेखागाराचं ऑनलाइन पोर्टल) शोधताना नुसतं 'रेसिडेंट' (संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) टाकून भागत नाही, कारण 1875 नंतरच्या कागदांत त्याचा हुद्दा 'एजंट टू द गव्हर्नर जनरल' असाही येतो. रजा-बदल्यांची रोजची प्रकरणं बरीचशी 'बी' म्हणजे कमी महत्त्वाच्या प्रोसीडिंग्जमध्ये असतात, त्यामुळे नुसती 'ए' म्हणजे महत्त्वाची चाळून थांबू नका.

अर्जापेक्षा मोलाचं असतं ते 'के.डब्ल्यू.' (कीप विथ), म्हणजे फाइलीसोबत ठेवलेली आतली टिपणं. अर्जात 'आपला आज्ञाधारक सेवक', आणि टिपणात सचिवाचा दोन ओळींचा शेरा: याच्यापेक्षा ज्येष्ठ माणूस थांबला आहे. निर्णय तिथेच झालेला असतो.

आता पैसा. पगार रुपयांत, पण घरखर्च, मुलांच्या शाळा विलायतेत पौंडांत. 1870 च्या सुमारास रुपया जवळजवळ 2 शिलिंगांचा होता, म्हणजे 1,000 रुपयांचे 100 पौंड. 1894-95 मध्ये तो 1 शिलिंग 1 पेन्सच्या आसपास आला आणि त्याच हजाराचे 54 पौंड उरले. 1893 पासून युरोपीय नोकरांना विनिमय भरपाई भत्ता सुरू झाला. त्याआधीचे आणि नंतरचे अर्ज एकाच मापाने मोजले की निष्कर्ष चुकलाच.

हुद्द्यापुढचे शब्द नीट पाहा: 'ऑफिशिएटिंग' म्हणजे हंगामी, 'सब. प्रो टेम' म्हणजे तात्पुरता कायम. वरचा एक जण फर्लोवर (लांब रजेवर) गेला की खालचे तीन-चार जण एकेक पायरी चढत आणि तो परतला की सगळे खाली येत. हंगामी माणसाला त्या जागेचा पूर्ण पगार सहसा मिळत नसे. बदलीची बरीच धडपड ही कायम जागेसाठीच असते. कोण केव्हा कुठे होता ते 'हिस्ट्री ऑफ सर्व्हिसेस'मध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची नोंद असलेल्या छापील पुस्तकांत, ताडून घ्या. ब्रिटिश लायब्ररीत ती व्ही/12 या मालिकेत आहेत. नोकरीची वर्षंही मोजा: आय.सी.एस.चं (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) 1,000 पौंडांचं वार्षिक पेन्शन 25 वर्षांनी, त्यांतली 21 प्रत्यक्ष कामाची. विसाव्या वर्षी मागितलेली लांब रजा या हिशेबाशिवाय कळत नाही.

संस्थानात उसन्या दिलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत ('फॉरेन सर्व्हिस') पेन्शनची वर्गणी कोणी भरायची यावर पत्रंच्या पत्रं असतात. कंटाळवाणी आहेत, पण वाचा. आकडा बाबाशाही (बडोद्याच्या रुपयांत) की कलदार (इंग्रज सरकारच्या रुपयांत), हेही तपासा. 19व्या शतकाच्या अखेरपर्यंत बडोद्याचं नाणं वेगळं होतं आणि कलदारपेक्षा हलकं.

फाइलीत निकाल नसेल तर वेष्टनावरचे मागच्या-पुढच्या पत्रव्यवहाराचे क्रमांक आधी उतरवून घ्या, मगच पुढची मागणी-चिठ्ठी भरा.