कंपनीचे मूल्य आणि भांडवल: अभ्यास कोठून सुरू करावा

कॉर्पोरेट फायनान्सची सूत्रे पाठ करून परीक्षा निभावते, पण कंपनी कळत नाही. म्हणून बेळगाव-निपाणीकडच्या वाणिज्य विद्यार्थ्यांनी सुरुवात एखाद्या साध्या व्यवहारापासून करावी. समजा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदाराला ३० लाखांचे सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र घ्यायचे आहे आणि खर्च वजा जाता त्यातून पाच वर्षे, प्रत्येक वर्षाअखेरीस ८ लाख रुपये हाती येणार आहेत. बेरीज ४० लाख होते, तेव्हा यंत्र घ्यावेच असे वाटते. परंतु पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो: १० टक्के दराने या रकमांचे आजचे मूल्य ३०.३३ लाख भरते, तर १२ टक्के दराने २८.८४ लाखच, म्हणजे यंत्राच्या किमतीहून कमी. हे गणित आधी कागदावर, वर्षागणिक भागाकार करून (१० टक्क्यांसाठी पहिल्या वर्षाची रक्कम १.१० ने एकदा, दुसऱ्या वर्षाची दोनदा, असे) सोडवावे. एक्सेल नंतर आहेच.

हा दर येतो भांडवलाच्या खर्चातून, म्हणजे कर्ज देणारे आणि भागधारक आपल्या पैशावर जो परतावा मागतात त्यातून. १० टक्के व्याजाचे कर्ज, व्याजावर करवजावट मिळत असल्याने, २५.१७ टक्के कर भरणाऱ्या कंपनीला सुमारे साडेसात टक्क्यांना पडते. भागधारकाचा पैसा त्याहून महाग, कारण वसुलीच्या रांगेत तो शेवटी उभा असतो. मग सगळेच कर्ज का काढू नये? मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवले की कर, दिवाळखोरीचा खर्च इत्यादी नसतील तर कर्ज-भांडवलाच्या प्रमाणाने कंपनीचे मूल्य बदलत नाही. या सिद्धांताचा खरा उपयोग त्याने काय काय वगळले आहे ते पाहण्यात आहे.

ते पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. बेळगावात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या श्री रेणुका शुगर्सने २०१० मध्ये ब्राझीलमधील साखर कंपन्या घेतल्या. २०१५ मध्ये तेथील उपकंपन्यांना देणेकऱ्यांपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले आणि २०१८ च्या कर्जपुनर्रचनेनंतर सिंगापूरची विल्मार ही कंपनी रेणुकाची मुख्य मालक झाली. या काळातील वार्षिक अहवाल ओळीने वाचावेत, आणि नफा-तोटा पत्रकाच्या आधी रोख प्रवाह पत्रक उघडावे. साखर उद्योगात हे विशेष महत्त्वाचे, कारण ऊस काही महिन्यांत गाळला जातो, बिले लगेच द्यावी लागतात आणि साखर मात्र वर्षभर विकली जाते. गोदामातला साठा तारण ठेवून घेतलेले कर्ज ताळेबंदात ज्या तारखेला दिसते, त्या ३१ मार्चला हंगाम नुकताच संपत आलेला असतो. त्या एका दिवसाच्या आकड्यावरून कंपनी बुडाली किंवा तरली असे ठरवू नये.

मूल्यमापन सर्वांत शेवटी शिकावे. पुढील वर्षी १० कोटींची रोख देणाऱ्या कंपनीचे मूल्य १२ टक्के दर आणि कायमची ५ टक्के वाढ धरल्यास (१० कोटी भागिले १२ व ५ टक्क्यांतील फरक) १४३ कोटी येते. वाढ ६ टक्के धरली की १६७ कोटी. म्हणून किंमत लिहिण्यापूर्वी वाढीचा दर का धरला याचे कारण शेजारी लिहावे, आणि ते सुचत नसेल तर दर कमी करावा.