परदेशात राहून सोलापुरातील कारखान्याच्या नोंदण्या चालू ठेवताना

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मालकी माझ्या एकट्याच्या नावावर, नोकरी मस्कतला आणि रोजचा कारभार धाकट्या भावाकडे, अशी आमची व्यवस्था आहे. असा व्यवसाय असणाऱ्याने कोणत्या नोंदणीला मुदत असते आणि कोणत्या नसते, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण सरसकट ‘रिन्युअल’च्या नावाखाली पैसे मागणारे एजंट कमी नाहीत. उद्यम नोंदणीला, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीला, मुदत नसते. नियमित करदात्याच्या जीएसटी नोंदणीलाही नसते, मात्र विवरणपत्रे थकली तर ती रद्द होऊ शकते.

निर्यातदाराने सांभाळायचा तो आयईसी, म्हणजे आयात-निर्यात संकेतांक. त्यातील माहिती बरोबर असल्याची पुष्टी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर, काहीही बदललेले नसले तरी, करावी लागते. या काळात त्याला शुल्क नाही. ते राहून गेले तर संकेतांक निष्क्रिय होतो आणि न्हावा शेव्याला निघालेल्या मालाचे शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा निर्यातीचा दस्तऐवज) अडते. मार्चअखेरच्या धावपळीतून कर सल्लागार मोकळे झाले की एप्रिलमध्येच हे काम उरकावे, असे माझे मत आहे.

अर्ज सोपा आहे; अडते ते सहीपाशी. ही ऑनलाइन सही आधारच्या ओटीपीने किंवा डिजिटल सहीने करायची असते. आधारचा ओटीपी भारतातील मोबाइलवर येतो आणि ते सिमकार्ड बहुधा घरच्या कपाटात रिचार्जविना पडलेले असते. ते रोमिंगसह सोबत न्यावे किंवा सुट्टीवर आल्यावर डिजिटल सही काढून तिचा यूएसबी टोकन स्वतःजवळ ठेवावा. टोकन सल्लागाराकडे ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मला ती कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखी वाटते. अनिवासी झाल्यावर भारतातील बँक खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे साधे रुपया खाते, करून घ्यावे लागते. खाते क्रमांक बदलला असेल तर आयईसीमधील बँकेचा तपशीलही त्याच वेळी दुरुस्त करावा.

भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे असल्यास ते भारतीय दूतावासात साक्षांकित करता येते, पण महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्यात ‘सर्व कामे’ असे मोघम न लिहिता जीएसटी, आयईसी, वीजजोडणी, बँक असा स्पष्ट उल्लेख करावा. नाहीतर प्रत्येक टेबलावर नवी शंका निघते.